परहस्ती गेलेली किल्ली

तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या काटेकोरपणे सोडविला जात असे. मुनीम कितीही जुना व विश्वासू असो. सायंकाळी शिल्लक मोजून झाली की किल्ली मालकाकडे यावयाची. त्यात मुनीमजींविषयी अविश्वास नव्हता. उलट त्यांच्यावर कधी नाहक संशय येऊ नये, एवढीच ती दक्षता होती. आज भोपाळच्या चौकातील सराफी पेढीपासून जुमेरातीतील आडतीपर्यंत हिशेब वहीतून संगणकात गेला आहे, आणि ज्यांचा व्यवहार मोठा त्यांनी त्यासाठी सर्व्हर घेतला आहे. त्या सर्व्हरलाही एक किल्ली असते. ती बहुधा परगावच्या कोणा तंत्रज्ञाकडे असते, आणि ती आहे हेच पुष्कळ मालकांस ठाऊक नसते. याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सर्व्हर म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक यंत्रांत मुख्य संगणकाखेरीज दुसरा एक लहानसा संगणक बसविलेला असतो. त्यास बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर म्हणतात. डेलच्या यंत्रात तो आयड्रॅक, तर एचपीईच्या यंत्रात आयएलओ या नावाने येतो. 1998 साली इंटेल, डेल, एचपी व एनईसी या कंपन्यांनी आयपीएमआय ही सामाईक पद्धत पुढे आणल्यानंतर ही सोय रूढ होत गेली. मुख्य यंत्र बंद केले तरी विजेची तार जोडलेली असेपर्यंत हा पहारेकरी जागाच असतो. त्याच्या द्वारे आपल्या सर्व्हरचा पडदा व कळफलक पुण्यातील तंत्रज्ञाच्या टेबलावर हजर होतात. हे कन्सोल रिडिरेक्शन. त्याच्याजवळील डिस्क आपल्या सर्व्हरला जणू येथेच जोडली आहे अशी दिसते; हे मीडिया रिडिरेक्शन. मग त्या डिस्कवरून यंत्र सुरू करून बिघाड दुरुस्त करता येतो, किंवा सर्व व्यवस्था नव्याने घालता येते.

या सोयीचा उपकार आम्ही नाकारीत नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा यंत्रापर्यंत माणूस जाणेच कठीण झाले होते, आणि अशा प्रसंगी दुरून यंत्र सांभाळता येणे केवढे मोलाचे, हे सर्वांस कळले. अनंत चतुर्दशीस पेढी बंद असता सर्व्हर अडला, तर कोणास कुलूप उघडावयास बोलवावे लागत नाही. मर्यादाही ध्यानी असाव्यात. पूर्ण सोयीसाठी पुष्कळ यंत्रांवर निराळा परवाना विकत घ्यावा लागतो; खरेदीच्या वेळीच ते विचारून घ्यावे. चार गिगाबाइटची डिस्क सेकंदाला दहा मेगाबिट वेगाने पाठवावयाची तर जवळजवळ तास जातो. आणि जळालेला भाग बदलावयास माणसालाच यावे लागते.

परंतु जो बाहेरच्या डिस्कवरून यंत्र सुरू करू शकतो, त्याला हिशेबाच्या प्रोग्रॅमचा पासवर्ड आडवा येत नाही. साठा कूटबद्ध केलेला नसेल तर तो सर्व खाती वाचू शकतो, त्यांची नक्कल घेऊ शकतो, आणि पुसूनही टाकू शकतो. ही कल्पनेतील भीती नव्हे. सप्टेंबर 2019 मध्ये एक्लिप्सियम या संस्थेने सुपरमायक्रोच्या काही सर्व्हरांतील नेमक्या याच मीडिया-सोयीतील दोष उघड केले, तेव्हा अशी 47,000 हून अधिक यंत्रे थेट इंटरनेटवर उघडी आढळली होती. कंपनीने दुरुस्ती दिली. पण ज्याने ती बसविली नाही, त्याचे दार उघडेच राहिले.

कोणी म्हणेल, “आमचा तंत्रज्ञ घरच्यासारखा आहे.” असेलही. पण तो नोकरी सोडून गेल्यावर त्याचा पासवर्ड कोणी बदलला? वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. ती जबाबदारी व्यापाऱ्याची आहे, तंत्रज्ञाची नव्हे. शिवाय त्या खात्यांत केवळ आपला नफातोटा नसतो; ग्राहकांची उधारी, आप्तेष्टांच्या ठेवी, नोकरांचे पगार असतात. तो एक न्यास आहे. न्यासापहार हा सत्याणुव्रताचा अतिचार म्हणून आपण जाणतो. तो आपण स्वतः करणार नाही, अशी आपली खात्री असते. परंतु तत्त्वार्थसूत्रात बंधाच्या कारणांमध्ये प्रमादाचीही गणना आहे. दुसऱ्याचे धन आपल्या बेपर्वाईने गेले, तर “आम्हांस ठाऊक नव्हते” हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, या लहान संगणकाची तार कार्यालयाच्या नेहमीच्या जाळ्यापासून वेगळी ठेवावी, आणि ती थेट इंटरनेटला कधीही जोडू नये. बाहेरून येणे व्हीपीएनद्वारेच व्हावे. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. प्रत्येक तंत्रज्ञाचे खाते त्याच्या नावाचे असावे, आणि तो गेला की ते बंद करावे. मीडियाची सोय एरवी बंद असावी, कामापुरती उघडावी. कंपनीच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. बॅकअपची एक प्रत यंत्रापासून तोडून निराळी ठेवावी. आणि कोण, कधी, कशासाठी आत आला, याची नोंद साध्या वहीत करावी.

दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी मालकाने ही वही स्वतः वाचावी. हे पासवर्ड कोणाकोणाजवळ आहेत, एवढे तरी त्या दिवशी त्याने विचारून घ्यावे. किल्ली परगावी असावयास आमची हरकत नाही; ती कोणाकडे आहे हे मालकास ठाऊक नसावे, यास मात्र आहे. तंत्रज्ञान परके असेल, पण पेढीवरील नाव आपले आहे.