व्हॅनिलाचे पाच पत्ते

डिसेंबर २०२४ मध्ये पॉपकॉर्नवरून देशभर हसून झालं, आठवत असेल. जैसलमेरच्या जीएसटी परिषदेनंतर कळलं की सुटं खारं पॉपकॉर्न ५ टक्के, पाकीटबंद १२ टक्के आणि कॅरॅमलवालं १८ टक्के. मीम्सचा पाऊस पडला. पण त्यामागचं कारण फार कमी जणांनी वाचलं. साखर घातली की ते पॉपकॉर्न हेडिंग १७०४ मध्ये, म्हणजे 'साखरेची मिठाई' या खात्यात जातं, असं सरकारचं स्पष्टीकरण होतं. आणि हे १७०४ जीएसटीवाल्यांनी शोधलेलं नाही. ते आलंय कस्टम्सच्या दरपत्रकातून, १९७५ च्या कायद्यातून.

मी बेकरी आणि चॉकलेटवाल्यांची आयातीची कागदपत्रं बघतो. त्यामुळे मला त्या पॉपकॉर्नचं हसू आलं नाही. ग्राहकाला तो प्रकार दोन दिवस दिसला, आमच्याकडे तो रोजचा आहे.

थोडं समजावून सांगतो, कंटाळू नका. जगभर मालाला सहा आकडी कोड असतो, १९८८ पासून. आपण त्याला आणखी दोन आकडे जोडून आठ करतो. प्रत्येक कोडपुढे ड्युटीचा दर. साखर सतराव्या प्रकरणात, कोको अठराव्यात, बिस्किटं एकोणिसाव्यात, आणि कुठेच न बसणारं बरंचसं खाद्य एकविसाव्यात. ऐकायला सोपं वाटतं. पण पांढरं चॉकलेट कायद्याने चॉकलेट नाही, ते १७०४ मध्ये मिठाईबरोबर बसतं, कारण कोको बटर म्हणजे 'कोको' धरत नाहीत. बिनसाखरेची कोको पावडर १८०५, तीच साखर घालून आणली की १८०६. चॉकलेट लावलेलं बिस्किट मात्र बिस्किटच राहतं. आणि सगळे नियम लावूनही निकाल लागला नाही, तर ज्या हेडिंगचा क्रमांक शेवटी येतो ते घ्यायचं. हो, खरंच असा नियम आहे.

आता व्हॅनिला घ्या. शेंग आणली तर ती मसाल्यात, ०९०५. शेंगेचा घट्ट अर्क, म्हणजे ओलिओरेझिन, १३०२. व्हॅनिला घातलेली साखर १७०१, साखरेच्याच घरात. कारखान्यात बनलेलं व्हॅनिलिन हे रसायन, म्हणून २९१२. आणि चार-पाच वासांचं मिश्रण करून बनवलेला इसेन्स ३३०२. वास एक, पत्ते पाच. आता दर बघा. रसायनांच्या प्रकरणात मूळ ड्युटी साधारण साडेसात टक्के. साखरेवर फेब्रुवारी २०१८ पासून १०० टक्के. इसेन्सवरही २०२५ च्या अर्थसंकल्पापर्यंत १०० टक्केच होती, त्यात ती २० वर आणली.

एकाच बाटलीचा दर पत्त्यावरून साडेसात की शंभर ठरत असेल, तर भांडण होणारच. व्यापारी स्वस्त पत्ता लिहिणार, अधिकारी महाग पत्ता शोधणार. यात दोघांनाही मी सरसकट लबाड म्हणणार नाही. दर लिहिणाऱ्याने दोघांसमोर लालूच ठेवली आहे.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, घरातून सुरू करून आता छोटं युनिट चालवतात. केकसाठी लागणारं एक तयार मिश्रण त्यांनी मागवलं. साखर, स्टार्च, दूध पावडर, वास. पुरवठादाराने त्याच्या देशातला कोड लिहून दिला होता, तोच यांनी टाकला. बंदरात सॅम्पल काढलं, लॅबला गेलं. रिपोर्ट येईपर्यंत डिमरेज चालू. बाँड आणि हमी देऊन तात्पुरता माल सोडवता येतो, कायद्यात तशी सोय आहे, पण ती हमी द्यायला बँकेत पैसा अडकवावा लागतो. तो त्यांच्याकडे नव्हता. मोठी कंपनी असती तर तिच्या वकिलांनी हे एका फोनवर उरकलं असतं.

बरं, माल सुटला म्हणजे संपलं असंही नाही. २०११ पासून कोड ठरवण्याची जबाबदारी आयातदाराची, सेल्फ असेसमेंट. चुकला असं नंतर वाटलं तर दोन वर्षांपर्यंत नोटीस येऊ शकते, आणि 'जाणूनबुजून लपवलं' असा शिक्का मारला तर पाच वर्षांपर्यंत. वर १५ टक्के व्याज. कोडबद्दल मतभेद म्हणजे लबाडी नव्हे, हे न्यायालयांनी कितीदा सांगितलंय. तरी नोटिशीत तो शिक्का असतोच, कारण त्याशिवाय पाच वर्षं मिळत नाहीत.

आधीच विचारून घ्यावं म्हणाल, तर ती वाट आहे. मुंबईत आणि दिल्लीत अॅडव्हान्स रुलिंगची प्राधिकरणं आहेत, तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. पण ते उत्तर फक्त विचारणाऱ्यालाच लागू. शेजारच्याने तेच मिश्रण आणलं तर त्याने पुन्हा अर्ज करायचा. हे मला अजिबात पटत नाही. एकाच पिठाला दोन जणांसाठी दोन कायदे कसे?

इथे कोल्हापूर-सांगलीकडचे मित्र म्हणतील, साखरेवरची ड्युटी कमी करा असं सांगतोयस का? नाही. ऊस उत्पादकाला संरक्षण पाहिजेच, आणि 'मिठाईचं मिश्रण' म्हणून ९० टक्के साखर आत आली तर ती अडवलीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की, अडवायचा आकडा लिहून ठेवा. किती टक्क्यांच्या वर साखर असेल तर ते मिश्रण साखर धरायचं, हे दरपत्रकातच टीप म्हणून छापा. कोकोच्या बाबतीत असे आकडे आहेतच: मैद्याच्या वा माल्टच्या मिश्रणाला ४० टक्के, पफ केलेल्या धान्याला ६ टक्के. मग साखरेला काय अडचण आहे?

आणि शेजारच्या पत्त्यांचे दर जवळ आणा. इसेन्स १०० वरून २० वर आणल्यावर त्या पत्त्यावरची लालूच एका फटक्यात किती कमी झाली बघा. पॉपकॉर्नचंही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये खारं, गोड सगळं ५ टक्क्यांवर आलं, आणि त्या दिवसापासून कॅरॅमल म्हणजे मिठाई की नाही यावर कुणी अक्षर बोललेलं नाही.

अर्थसंकल्पाआधी मंत्रालय संघटनांकडून सूचना मागवतं. बेकरी आणि चॉकलेटच्या छोट्या युनिट्सकडून या विषयावर एकत्र काही गेलंय असं माझ्या तरी पाहण्यात नाही. ज्यांचा माल कोडवरून अडकला असेल त्यांनी खाली लिहा: घटक काय होते, तुम्ही कोणता आठ आकडी कोड टाकला, खात्याने कोणता लावला, किती दिवस गेले. कंपनीचं नाव, अधिकाऱ्याचं नाव नको. पंचवीस-तीस उदाहरणं जमली की मी तक्ता करून निवेदनाचा मसुदा इथेच टाकतो.