निष्ठेवर बसविलेला कर

अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या क्रीडाविभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या फुटबॉल संघाच्या हंगामी तिकिटांचे नवे दर जाहीर केले. २०२५ च्या हंगामासाठी दरात सरासरी साडेचार टक्के वाढ झालीच. शिवाय दहा टक्क्यांचा आणखी एक आकार बसविण्यात आला. त्याला नाव दिले ‘टॅलेंट फी’. खेळाडूंना यापुढे मोबदला द्यावा लागणार, तेव्हा त्याचा भार प्रेक्षकांनी उचलावा, असा या नावाचा सरळ अर्थ. विद्यापीठाने लपवाछपवी केली नाही, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल. परंतु या निमित्ताने उभा राहिलेला प्रश्न एका विद्यापीठापुरता नाही, आणि गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या प्रदेशाने त्याकडे अवश्य लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते.

तेथील फुटबॉल म्हणजे फातोर्ड्याच्या मैदानावर खेळला जातो तो फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो धसमुसळा खेळ आहे. पण त्याच्या भक्तांची संख्या थक्क करणारी आहे. टेनेसीच्या नेलंड स्टेडियममध्ये लाखाहून अधिक माणसे बसतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. नेब्रास्का विद्यापीठ तर १९६२ पासून आपल्या मैदानावरील प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आल्याचे अभिमानाने सांगते. या गर्दीचा कणा म्हणजे हंगामी तिकीटधारक. घरच्या मैदानावरील सहा-सात सामन्यांची तिकिटे तो कित्येक महिने आधी एकदम घेतो. संघ जिंको वा हरो, त्याची जागा ठरलेली. देवळातला मान घराण्यात चालत यावा, तशी ही जागा आजोबांकडून नातवाकडे येते.

या तिकिटाची खरी किंमत मात्र तिकिटावर छापलेली नसते. चांगल्या जागेचे तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळावा म्हणून क्रीडानिधीला दरवर्षी वेगळी ‘देणगी’ द्यावी लागते. जी दिल्यावाचून जागा मिळत नाही, तिला देणगी का म्हणावे? पण अमेरिकन काँग्रेसने १९८८ साली या रकमेच्या ८० टक्के भागाला धर्मादाय दानाप्रमाणे प्राप्तिकरात सूट दिली आणि या शब्दच्छलावर शिक्कामोर्तब केले. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने ती सूट काढून घेतली. सवलत गेली, देणगी मात्र राहिली. तिचा भार आता एकट्या प्रेक्षकाच्या खिशावर आहे.

खेळाडूंना पैसे मिळू लागले याबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही. ज्यांच्या घामावर ही स्टेडियमे भरत होती, त्यांना पिढ्यान्पिढ्या शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही मिळत नव्हते. जून २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, खेळाडूंच्या शिक्षणविषयक लाभांवर मर्यादा घालणारे नियम एकमताने बेकायदा ठरविले. पुढल्याच महिन्यापासून त्यांना आपल्या नावावर व प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देता येऊ लागली. हा न्याय उशिरा झाला, पण न्यायच झाला.

प्रश्न आहे तो या न्यायाचा खर्च कोणाच्या माथी मारायचा, हा. विद्यापीठांकडे पैसा नव्हता असे मुळीच नाही. १९८४ च्या एका निकालाने दूरचित्रवाणीच्या हक्कांची बाजारपेठ खुली झाली. २०२२ साली ‘बिग टेन’ या विद्यापीठसंघाने सात वर्षांसाठी सुमारे ७०० कोटी डॉलरचे करार केले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या मुख्य प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी घरी बसविले आणि कराराची भरपाई म्हणून साडेसात कोटी डॉलरहून अधिक रकमेचे दायित्व पत्करले. त्या वेळी ‘प्रशिक्षक-निरोप शुल्क’ अशा नावाची पावती कोणी फाडली नव्हती. पैसा येत होता तेव्हा त्याला नाव नव्हते. वाटून घेण्याची वेळ आली तेव्हा मात्र खेळाडूच्या नावाने बिल काढून ते प्रेक्षकाच्या हाती दिले गेले.

यावर असे सांगितले जाते की, तिकिटांना मागणी आहे, प्रतीक्षायाद्या आहेत, मग दर का वाढू नयेत? ज्याला परवडत नाही त्याने येऊ नये. हा युक्तिवाद चित्रपटगृहाच्या मालकाने केला असता तर आम्ही समजू शकलो असतो. साबण महागला तर गिऱ्हाईक दुसरा साबण घेतो. टेनेसीचा भक्त अलाबामाचा जयघोष करू लागत नाही. तो दुसऱ्या दुकानात जाणार नाही, हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते. सामन्याची वेळही दूरचित्रवाणीच्या सोयीने, अनेकदा आठवड्या-दीड आठवड्यापूर्वीच ठरते. तीन-चार तास मोटार हाकून येणाऱ्याची सोय कोणी पाहत नाही. दुबळ्या पाहुण्या संघांविरुद्धच्या निरस सामन्यांचे पैसेही तो आगाऊ भरतो, आणि ऐन वेळी येणारा चंचल प्रेक्षक तेच तिकीट फेरविक्रीच्या बाजारात पुष्कळदा स्वस्तात मिळवितो. निष्ठेला बक्षीस मिळण्याऐवजी तिच्यावरच कर बसावा, असा हा उफराटा व्यवहार आहे. शिवाय परवडेनासा झालेला प्रेक्षक मोर्चा काढीत नाही. तो मुकाट्याने घरी बसतो, आणि त्याच्या मुलांना मैदानाची सवय लागतच नाही. ही तूट कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

आपल्याकडे तिकिटाचा प्रश्न या थराला गेलेला नाही, परंतु रोगाचे मूळ तेच आहे. देशातील अव्वल स्पर्धेची फेरमांडणी वरच्या वर ठरली, आणि तिच्या निषेधार्थ २०१६ साली साळगावकर व स्पोर्टिंग या गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. २०२५ मध्ये महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील कराराचा घोळ मिटेना, म्हणून इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरू झाला नाही. दोन्ही वेळा प्रेक्षकाला विचारले कोणी? जर्मनीत क्लबमधील मतांचे बहुमत सभासदांच्या हाती राहावे असा नियम आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने, समर्थकांनी आवाज उठविल्यानंतर, २०१६ मध्ये पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. म्हणजे इच्छा असली तर मार्ग निघतो.

खेळाडूला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे; तो दूरचित्रवाणीच्या कोट्यवधींतून आणि प्रशिक्षकांच्या अवास्तव करारांतून आधी निघावा. त्यानंतरही प्रेक्षकापुढे हात पसरण्याची पाळी आली, तर ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला कारभारात बोलण्याचा अधिकारही द्यावा. अमेरिकेच्या विद्यापीठांना हे सांगणारे आम्ही कोण, असे कोणी म्हणेल. पण गोव्यातील क्लबचालकांना आणि महासंघाला ते सांगण्याचा हक्क येथील प्रत्येक फुटबॉलप्रेमीला आहे, आणि त्याने तो वेळीच बजावावा.