ऱ्हासाचा आकडा फायबर ते फायबर हवा

काचेच्या पोटात प्रकाशासाठी वाट आखता येते, हे १९९६ साली जपानमध्ये काझुयुकी हिराओ यांच्या गटाने दाखवले. फेम्टोसेकंद लेसर काचेत केंद्रित केला की नाभीपुरताच अपवर्तनांक बदलतो. काच सरकवत नेली की त्या बदलाची रेघ उमटते, आणि तीच वेव्हगाइड. मास्कची भानगड नाही. आराखडा बदलायचा तर प्रोग्राममधले आकडे बदलायचे.

क्वांटमवाल्यांकडे हे तंत्र उशिरा आले. सिडनीचे मॅक्वायरी विद्यापीठ आणि ब्रिस्टल यांनी लेसरने लिहिलेल्या सर्किटवर क्वांटम व्यतिकरण दाखवले ते २००९ मध्ये. पुढच्याच वर्षी मिलान आणि रोमच्या मंडळींनी ध्रुवीकरणाने गुंतलेले फोटॉन काचेतल्या कपलरमधून सहीसलामत नेले. सिलिकॉनचा वेव्हगाइड दोन्ही ध्रुवीकरणांना सारखे वागवत नाही. काचेतली गोलसर रेघ बऱ्याच अंशी वागवते. २०१३ साली बोसॉन सॅम्पलिंगचे चार प्रयोग लागोपाठ प्रसिद्ध झाले. त्यांपैकी व्हिएन्नाच्या आणि मिलान-रोमच्या प्रयोगांतल्या चिप्स लेसरनेच लिहिलेल्या होत्या.

काचेची चिप मोठी, ही तक्रार जुनी आणि खरी. अपवर्तनांकातला फरक काही हजारांशांचा, त्यामुळे वळणाची त्रिज्या कित्येक मिलिमीटर ठेवावी लागते. सिलिकॉनमध्ये काही मायक्रॉनांत भागते. त्यात फेज बदलणारे हीटर शेजारच्या वेव्हगाइडलाही तापवतात. मिलानच्या गटाने २०२० साली वेव्हगाइडच्या दोन्ही अंगांना चर खणून ही उष्णता अडवली, वीजही वाचवली. (चर खणायलाही लेसरच! या तंत्राचा काटकसरी स्वभाव लोभस आहे.)

पण आकारावरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. खरा हिशेब ऱ्हासाचा.

सेंटिमीटरमागे ०.२ डेसिबल किरकोळ वाटतात. दहा सेंटिमीटरच्या चिपमध्ये त्यांचे २ होतात. दोन्ही टोकांना फायबर जोडताना अर्धा-अर्धा डेसिबल गेला की ३, म्हणजे दोनांतला एक फोटॉन गेलाच. मग तीन फोटॉन एकत्र बाहेर पडण्याची शक्यता आठांत एक, आणि दहा फोटॉनांची १,०२४ मध्ये एक. इथे काचेची बाजू भक्कम आहे: तिच्या वेव्हगाइडचा मोड फायबरच्या मोडशी जुळवून घेता येतो, सिलिकॉनला त्यासाठी वेगळी योजना करावी लागते.

एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले. त्यातले संवेदन आणि मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. देशात अशा चिप्सचे काम वाढेल तसे निष्कर्षही छापायला येतील. म्हणून या मासिकाच्या लेखकांना एक विनंती: चिपचा ऱ्हास फायबर ते फायबर द्यावा, सोबत तरंगलांबी आणि ध्रुवीकरण नोंदवावे. सरळ रेघेवर मोजलेला आकडा वळणावळणाच्या सर्किटच्या नावावर खपवू नये. समीक्षकांनी असा लेख बेलाशक परत पाठवावा.