आधी पाण्याची वाट, मग रंग



मार्च लागला की आम्हाला येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. मुलांचा अभ्यास, दहावीनंतर काय, हे प्रश्न मागे पडतात आणि घराच्या भिंती, गच्ची, पत्रे पुढे येतात. शिक्षकाला हे कशाला विचारतात, असे नव्या वाचकांना वाटेल. आमचे अब्बा गवंडी होते. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी हातात थापी धरली. शाळेला सुट्टी लागली की त्यांच्या कामावर चिरे मोजणे आणि पाणी मारणे हे आमचे काम असे. तेवढ्या शिदोरीवर आणि स्वतःच्या घरात खाल्लेल्या ठोकरांवर आम्ही याआधीही या सदरात लिहिले आहे.

या महिन्यात रायगड जिल्ह्यातून एका भगिनींचे पत्र आले आहे. पती कुवेतला नोकरीला. घर जांभ्याच्या चिऱ्याचे, वर स्लॅब, बांधून पंधरा वर्षे झालेली. पश्चिमेच्या खोलीत सासरे राहतात. दर पावसाळ्यात त्या खोलीची भिंत ओली होते, बुरशी येते आणि सासऱ्यांचा दमा बळावतो. मे महिन्यात मुलीचा निकाह आहे. पतीने बाहेरच्या कामासाठी दीड लाख रुपये पाठवले आहेत. रंगारी म्हणतो, पाणी अडवणारा महागडा रंग लावा. ठेकेदार म्हणतो, दर्शनी भिंतीला टाइल लावा. दीर म्हणतात, गच्चीवर पत्र्याची शेड घाला. भगिनी लिहितात, "पैसे एकदाच आले आहेत. चूक झाली तर पुढच्या वर्षी कुणाला तोंड दाखवू?"

हा प्रश्न एका घराचा नाही. आमच्या कोकणात कितीतरी घरे आखाती देशांतल्या कमाईवर उभी राहिली. कमावणारा तिकडे, घर इकडे आणि निर्णय घेणारी बाई एकटी. तिच्यासमोर बोलणारे चौघे, पण भिंतीला हात लावून पाहणारा एकही नाही.

आमचीच गोष्ट सांगतो. 2016 साली धाकट्या बहिणीचा निकाह ठरला तेव्हा आमच्या घराची पश्चिमेची भिंत अशीच डागाळलेली होती. पाहुण्यांना काय वाटेल, या एका विचाराने आम्ही सबंध घराला बाहेरून चांगल्या कंपनीचा रंग काढला. अडतीस हजार रुपये गेले. निकाहाच्या दिवशी घर उजळून निघाले. सप्टेंबरपर्यंत त्याच भिंतीवर रंगाचे फुगे आले आणि बोट लावले की पापुद्रे हातात येऊ लागले.

तोवर अब्बा थकले होते, कामावर जात नव्हते. त्यांनी आम्हाला एक शब्द ऐकवला नाही. पाऊस थांबल्यावर जिना चढून गच्चीवर गेले, कठड्याशी बसले आणि हाक मारली. पाणी जाण्याच्या पाइपाचे तोंड गच्चीच्या फरशीपेक्षा बोटभर वर होते. तेवढे पाणी प्रत्येक सरीनंतर तिथेच साचत होते. जिथे कठडा स्लॅबला मिळतो तिथे केसाएवढी चीर होती. त्या चिरेतून पाणी आत उतरून भिंतीत मुरत होते. अब्बा एवढेच म्हणाले, "पाणी वरून येतंय आणि तू भिंतीला पावडर लावलीस." ती दुरुस्ती सहा हजारांत झाली. भिंत सुकायला मात्र पुढचा सगळा उन्हाळा गेला.

म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, एक रुपयाही काढण्याआधी पाणी कुठून येते ते शोधा. ओल स्वतःच आपला पत्ता सांगते.

ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल आणि वर भिंत कोरडी असेल, तर पाणी जोत्यातून वर चढते आहे. भिंतीच्या मुळाशी पागोळ्यांचे पाणी साचते का, अंगणाचा उतार घराकडे झाला आहे का, ते पाहा. पुष्कळदा अंगणात नवी लादी घालताना जोते बुडते आणि ओल सुरू होते.

ओल छतापासून खाली उतरत असेल तर गच्ची, कठडा आणि पाइप तपासा. खिडकीच्या कोपऱ्यांतून डाग पसरत असतील तर छज्जा आणि खिडकीखालची कड पाहा. छज्ज्याच्या कडेखाली बोटभर खाच नसेल तर पाणी खालच्या अंगाने सरकत भिंतीपर्यंत येते. खाच असली की तिथेच थेंब तुटून खाली पडतो.

आणि भर एप्रिलमध्येही डाग ओलाच असेल तर पावसाला दोष देऊ नका. मोरी, संडास किंवा भिंतीतला नळ गळतो आहे.

गच्चीचा संशय असेल तर पाइपाचे तोंड बंद करून दोन इंच पाणी एक-दोन दिवस साठवून पाहतात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागेत दोन इंच पाणी म्हणजे जवळपास पावणेपाचशे किलो वजन होते. खालून स्लॅबचे पोपडे पडत असतील किंवा सळ्या दिसत असतील, तर ही परीक्षा स्वतःच्या मनाने करू नका.

सळ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू. समुद्राकाठच्या हवेत मीठ असते. काही घरांच्या बांधकामात खाडीची वाळू गेली, तिच्यातही मीठ असते. काँक्रीटमधली सळी गंजली की गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. मग तुळईच्या लांबीने चीर दिसते, छज्ज्याचा तुकडा पडतो. अशा जागी वरून सिमेंट थापून घेणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. गंज आत चालूच राहतो. इथे गवंडी किंवा रंगारी पुरेसा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी जड वाटते, पण छज्ज्याखाली मुले खेळतात हे विसरू नका.

आता पत्रातल्या तीन सल्ल्यांकडे येऊ.

रंग. चांगला रंग बाहेरून येणारी झड अडवतो, हे खरे आहे. पण पाणी गच्चीतून किंवा जोत्यातून भिंतीत येत असेल, तर तोच रंग त्याला बाहेर पडू देत नाही आणि फुगतो. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. चार महिने पाणी प्यायलेला चिरा आठ दिवसांच्या उन्हाने सुकत नाही.

टाइल. भिंतीवर लाकडाच्या तुकड्याने हळूच ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे. अशा गिलाव्यावर टाइल लावली तर गिलाव्यासकट खाली येईल. टाइलमागे ओल दिसतही नाही, त्यामुळे रोग कळायला उशीर होतो.

शेड. गच्चीवर पत्रा घातल्याने अनेक घरे वाचली आहेत. पण 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा त्या पट्ट्यात किती घरांचे पत्रे आणि कौले उडाली हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. वारा पत्र्याला कडेने उचलतो. म्हणून कडेचे पत्रे जास्त बोल्टांनी आवळलेले हवेत आणि लोखंडी खांब बीम-कॉलमशी पक्के जोडलेले हवेत. नुसत्या कठड्यावर उभे केलेले खांब वादळात कठडा घेऊनच जातात. शेडचे काम काढण्याआधी ग्रामपंचायतीत परवानगीचे विचारून घ्या. शिवाय पश्चिमेची झड शेडने थांबत नाही, ती भिंतीवर येतेच.

मग करायचे काय? आमच्या भगिनींनी कामाचा क्रम असा लावावा.

आधी गच्ची. उतार पाइपाकडे आहे का ते पाहावे, तोंड खाली घ्यावे आणि कठडा व स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई द्यावी, म्हणजे पाणी कोपऱ्यात थांबत नाही. मग भिंतीच्या चिरा. चीर नुसती वरून सारवू नये, खाच पाडून, साफ करून भरावी. काँक्रीटची तुळई आणि चिऱ्याची भिंत जिथे मिळते तिथे गिलावा पुन्हा पुन्हा फाटतो, कारण ऊन-पावसात दोन्ही वेगवेगळे हलतात. तिथे गिलाव्याच्या आत तारेची जाळी ठोकतात, कामावर तिला चिकन मेश म्हणतात. ती घालून घ्यावी. पोकळ गिलावा काढून तेवढाच नवा करावा. त्यानंतर सात ते दहा दिवस पाणी मारावे. मजूर गेल्यावर पाणी मारणारे कुणी नसते, ही आपल्या घरांची जुनी रड आहे. ही जबाबदारी घरातल्या एका मुलावर नाव घेऊन सोपवावी.

रंग सर्वांत शेवटी. नव्या गिलाव्याला सुकायला महिनाभर तरी द्यावा. मग भिंतीवर दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे आणि रंगाची वेळ आलेली नाही. मेपर्यंत ती सुकली नाही, तर निकाहासाठी त्या भिंतीला चुन्याची सफेदी करावी. चुना भिंतीचा श्वास कोंडत नाही, खर्चही फार नाही. पावसाळ्यात त्या बाजूला पूर्वी नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधत, तसे या एका वर्षी झाप किंवा ताडपत्री भिंतीपासून थोडे अंतर सोडून बांधावी. रंगाचे पैसे बाजूला ठेवून दिवाळीनंतर काम काढावे. पाहुणे दोन दिवस राहून जातील. सासरे त्या खोलीत बारा महिने राहतात.

शेवटची गोष्ट लिहापढीची. ठेकेदार बहुधा ओळखीचा असतो, जमातीतला असतो, कधी नात्यातला. कागद मागायला संकोच वाटतो. आपणा सर्वांना माहीत आहे की कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीच्या व्यवहाराची लिखापढी आणि साक्षीदार यांविषयी आहे. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असते, तर हा विषय इतक्या विस्ताराने आला असता का?

कागदावर पाच गोष्टी असाव्यात. कोणते काम कुठून कुठपर्यंत. दर मजुरीचा की मालासकट. सिमेंट, वाळू कोणती. पैसे कोणत्या टप्प्याला किती. आणि काम कधी संपणार. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवायचा, हे आधीच बोलून लिहून घ्या. मागाहून काढलेल्या अटीने भांडण होते. मजुरांची आठवड्याची मजुरी मात्र एक दिवसही अडवू नका, त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. रोजच्या कामाचे फोटो पतीला पाठवत राहा. जाळी ठोकली ती गिलाव्याखाली झाकण्याआधीचा फोटो हवा, नंतरचा काय कामाचा?

घर वडिलोपार्जित आणि सामाईक असेल, तर काम काढण्याआधी भावा-बहिणींना एकत्र बसवून खर्च कुणाचा आणि त्याचा हिशोब कसा, हेही लिहून ठेवावे. दुरुस्तीचा खर्च एकाने केला म्हणून बहिणीचा हिस्सा संपत नाही. ज्याने खर्च केला त्याचा पैसाही विसरला जाऊ नये.

आमच्या भगिनींनी विचारले होते, कुणाला तोंड दाखवू? त्यांनी चौघांचे सल्ले थांबवून आधी एका जाणत्या माणसाला गच्चीवर न्यावे. दीड लाखांतले पहिले पैसे तिथेच लागायला हवेत. त्या हिशोबाने काम झाले तर, इन्शाअल्लाह, पतीने घामाने मिळवलेली अमानत त्यांनी नीट सांभाळली असेच होईल.

आणि सर्व वाचकांना एक विनंती. या वर्षी पहिला मोठा पाऊस आला की छत्री आणि खडू घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पाणी कुठे साचते, कुठून ओघळते ते पाहा. आत येऊन भिंतीवरच्या ओलीच्या कडेने खडूची रेघ ओढा आणि तारीख लिहा. अब्बा आमच्या घरात असेच करायचे. ते गेले, पण पश्चिमेच्या खोलीत कपाटामागे त्यांच्या हातची 2017 सालची रेघ अजून आहे. ओल त्या रेघेच्या पुढे आजवर गेलेली नाही. ती भिंत आम्ही मुद्दामच रंगवलेली नाही.

पुढील अंकात विहीर आणि शोषखड्डा यांच्यातील अंतराविषयी आलेल्या पत्रांना उत्तरे देऊ. पत्रासोबत भिंतीचा फोटो पाठवल्यास सांगणे सोपे जाते.