आधी पडायला शिकवतात

मुलींसाठी कराटे-ज्युदोचा वर्ग निघाला की आमच्याकडे घराघरांतले प्रश्न ठरलेले असतात. शिकवणारा पुरुष की बाई? कपडे कसे? आणि तिथे म्हणे वाकावं लागतं, ते चालतं का? शिक्षकी पेशा असल्यामुळे हे प्रश्न आम्हाला पालकसभेत भेटतात, तसेच बाजाराच्या दिवशी भाजी घेतानाही भेटतात. त्यात आता आयकिडोची भर पडली. पुण्यात शिकणारी आमची भाची तिथल्या एका वर्गाला जाऊ लागली. तिच्या अब्बूंनी नाव काढून टाकायला सांगितलं आणि तिच्या अम्मीने आम्हाला फोन केला, "आपा, तुम्हीच काय ते बघा."

जपानी कुस्तीचे प्रकार आपल्या देशात काही आजचे नाहीत. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ साली ताकागाकी नावाच्या ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावलं होतं आणि तिथे मुलीही ज्युदो शिकल्या. आयकिडो हा ज्युदोहून निराळा प्रकार. मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) या जपानी गुरूंनी जुन्या जुजुत्सूतून तो घडवला, आणि 'आयकिडो' हे नाव १९४२ च्या सुमारास पक्कं झालं. बहुतेक ठिकाणी त्यात स्पर्धा नसतात, त्यामुळे हार-जीत नाही आणि पदकही नाही. कुणी मनगट धरलं तर आपण हिसका देऊन मागे ओढतो. इथे ओढायचं नाही, धरणाऱ्याच्या बाजूला सरकून त्याच्यासोबत वळायचं. त्याचा जोर त्याच्याच तोलावर जातो. सरावात एकदा आपण पाडायचं, एकदा जोडीदाराने. म्हणजे निम्मा वेळ पडण्यातच जातो. म्हणून नवख्या माणसाला सगळ्यात आधी पडायला शिकवतात. त्याला 'उकेमी' म्हणतात.

भाची ईदच्या सुट्टीत खापरला आली तेव्हा आम्ही चार शिक्षिकांनी तिच्याकडून एवढंच शिकून घेतलं. अक्कलकुव्याच्या पट्ट्यात आयकिडोच्या खास चटया कुठून मिळणार? फरशीवर गोधडी घसरते, म्हणून खाली सतरंजी, तिच्यावर दोन गाद्या. आधी उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची आणि मागे लोळायचं. डोकं जमिनीला लागता कामा नये. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळव्यासकट जमिनीवर आपटायचे. श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. सगळ्यात अवघड काय, तर पडताना हात मागे न टेकणं. माणूस घसरला की हात आपोआप पुढे किंवा मागे जातो, आणि सगळं वजन मनगटावर येतं. आमच्या वयाच्या किती बायकांची मनगटं न्हाणीघरात अशीच मोडली आहेत, ते आठवून बघा. पुढची कोलांटी खांद्यावरून तिरकी, विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत जाते. ती आम्ही शिक्षकाशिवाय करून पाहिली नाही आणि कुणी पाहूही नये. हाडं ठिसूळ असतील, गुडघे दुखत असतील, रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गादीवरही उतरू नये.

आता वाकण्याचं. आयकिडोच्या वर्गात 'सेइझा' नावाच्या बैठकीत बसतात, गुडघे मोडून टाचांवर. इतर नवख्यांचे पाय यात पाच मिनिटांत आखडतात. नमाजमधल्या पुरुषांच्या बैठकीच्या ती इतकी जवळची आहे, की आपल्या मुलांना त्यात काही वाटत नाही. पण त्याच बैठकीतून पुढे हात टेकून डोकं खाली नेतात, आणि तिथेच आपल्या घरातला माणूस दचकतो. साहजिक आहे. सजद्यासारखं काही अल्लाहशिवाय दुसऱ्या कुणापुढे कसं करायचं? त्यातही समोर बऱ्याचदा गुरूंची तसबीर असते. जपानी माणसाच्या मनात ते आपल्या सलाम-दुआसारखं असेल, ते आम्ही मान्य करतो; पण त्याच्या मनात काय आहे, याने आपला प्रश्न सुटत नाही. मसला आपल्या आलिमांना विचारावा. आम्ही भाचीला सांगितलं की वर्ग सोडण्याआधी शिक्षकांशी बोल. ती बोलली. आता बाकीचे वाकतात तेव्हा ती ताठ बसून छातीवर हात ठेवते. शिक्षकांनी हरकत घेतली नाही, जोडीदार बाईच असेल हेही मान्य केलं, आणि तिच्या अब्बूंनी वर्षभराची फी भरली. विचारलंच नसतं तर मुलगी घरी बसली असती आणि शिक्षकांना कारणही कळलं नसतं.

कपड्यांचा प्रश्न त्यामानाने सोपा. पांढरा जाड सदरा-पायजमा अंगभर असतो. स्कार्फ घट्ट बसणारा, टाचणी न लावता घालायचा हवा. काचेच्या बांगड्या आणि अंगठ्या घरी ठेवायच्या. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सौदी अरबची वोजदान शाहरखानी डोक्याला टोपीसारखं आवरण घालून ज्युदो खेळली. दीड मिनिटाच्या आत हरली, पण मैदानात उतरली.

एक गोष्ट मात्र पालकांना स्पष्ट सांगायला हवी. समग्र शिक्षाच्या राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणात सरकारी शाळांतल्या मुलींना तीन महिने शिकवतात. योजना चांगली आहे. पण तीन महिन्यांत मुलगी कुणालाही लोळवील, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. आयकिडोत तर एक वळण अंगवळणी पडायला वर्ष जातं. आमच्या मते तीन महिन्यांत मुलीच्या हाती तीन गोष्टी नक्की लागतात: मोठ्याने ओरडणं, धरलेलं मनगट सोडवणं आणि डोकं न आपटता पडणं. सराव थांबला की याही विसरतात. म्हणून प्रशिक्षक गेल्यावरही आठवड्यातला एक खेळाचा तास मुलींच्या पडण्याच्या सरावासाठी राखून ठेवावा, अशी मागणी आम्ही शाळेत लावून धरली आहे. मुख्याध्यापकांनी तास द्यायचं कबूल केलं आहे. गाद्यांचं अजून काही ठरलेलं नाही.