शनिवारी संध्याकाळी मुंबईने एकत्र बसावं

जाहीर आवाहन
मुंबई, गुरुवार, २ मे २०२४

मुंबईकरांनो, आणि दूर राहूनही मुंबईला आपली मानणाऱ्या सगळ्यांनो,

येत्या शनिवारी, ४ मे रोजी संध्याकाळी साडेसात वाजता कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या विवेकानंद युवाभारती क्रीडांगणावर मुंबई सिटी आणि मोहन बागान यांच्यात इंडियन सुपर लीगची अंतिम लढत आहे. हंगामातली ही शेवटची मॅच. हे आवाहन क्लबचं नाही, कुठल्या संघटनेचंही नाही. एका चाहत्याचं आहे. मागणं एवढंच की शनिवारी ही मॅच कोपऱ्यात बसून, हातातल्या फोनवर एकट्याने पाहू नका. माणसं जमवा आणि सगळ्यांनी मिळून पाहा.

हे एवढ्या आग्रहाने सांगायला कारण आहे. आपण हा चषक आजवर एकदाच जिंकलो. १३ मार्च २०२१, मडगावचं फातोर्डा मैदान, समोर तेव्हाही कोलकात्याचाच संघ. ते करोनाचे दिवस. तो अख्खा हंगाम गोव्यात, बंद दरवाजांआड खेळवला गेला होता. स्कोअर १-१ असताना नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला, आपण २-१ जिंकलो आणि त्याच वर्षी साखळीत अव्वल आल्याने लीगची शील्डही आपल्याकडे आली. एकाच हंगामात शील्ड आणि चषक दोन्ही जिंकणारा पहिला संघ मुंबईचा होता, आणि आजही तेवढा एकच आहे. पण बिपिन धावत सुटला तेव्हा त्याच्यासमोर रिकाम्या खुर्च्या होत्या. आपण सगळे आपापल्या घरात कोंडलेले होतो. शेजारच्या दाराची बेल वाजवायचीही चोरी होती. मुंबईच्या फुटबॉलची ती सर्वांत मोठी रात्र मुंबईने एकत्र साजरी केलीच नाही. शनिवारी तशी रात्र पुन्हा येऊ शकते, आणि या वेळी दारं उघडी आहेत.

आता समोरच्या संघाचं. मोहन बागानने यंदाची शील्ड जिंकलीय, आणि ती आपल्या हातून काढून घेतलीय. १५ एप्रिलला याच मैदानावर साखळीतली शेवटची मॅच होती. आपले ४७ गुण, त्यांचे ४५. आपल्याला नुसती बरोबरी पुरली असती. ६१,७७७ प्रेक्षकांसमोर अठ्ठाविसाव्या मिनिटाला लिस्टन कुलासोने गोल केला, ऐंशीव्या मिनिटाला जेसन कमिंग्सने दुसरा घातला. एकोणनव्वदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने एक परत केला, पण तोवर उशीर झाला होता. ४८ विरुद्ध ४७. बावीस सामन्यांत चौदा विजय, पाच बरोबरी आणि फक्त तीन पराभव असा हंगाम खेळूनही शील्ड एका गुणाने गेली. आता शनिवारी बागान जिंकलं तर दुहेरी मुकुटाचा मान आपल्या एकट्याचा उरणार नाही. त्यामुळे ही मॅच नव्या चषकासाठी आहे तशीच ती कमावलेला मान राखण्यासाठीही आहे.

त्या पराभवानंतर नऊ दिवसांनी काय घडलं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायलाच हवं. २४ एप्रिलला फातोर्ड्यावर एफसी गोवाविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना होता. नव्वद मिनिटं होत आली तरी आपण ०-२ मागे होतो. तेवढ्यात छांगतेने गोल केला. मिनिटभरात विक्रम प्रतापने बरोबरी साधली. भरपाईच्या वेळेत छांगतेने पुन्हा एक मारला. ३-२! सहा-सात मिनिटांत तीन गोल. पुढच्या सोमवारी अंधेरीत आपण २-० जिंकलो आणि एकूण ५-२ असे अंतिम फेरीत आलो. फातोर्ड्याच्या रात्री कित्येकांनी पंच्याऐंशीव्या मिनिटाला टीव्ही बंद केला होता. म्हणून शनिवारी स्कोअर काहीही असो, शिट्टी वाजेपर्यंत जागचं उठू नका.

या संघाने हंगामात सोसलंही बरंच. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम मध्यावरच इंग्लंडला गेले. ग्रेग स्ट्युअर्टसारखा खेळाडू जानेवारीत सोडून गेला. मेलबर्नहून आलेल्या पेट्र क्रात्की यांनी डिसेंबरात सूत्रं हातात घेतली आणि गडबड न करता संघ पुन्हा उभा केला. छांगते आणि अपुइया मिझोरामचे, बिपिन मणिपूरचा, गोलरक्षक फुर्बा लाचेन्पा सिक्कीमचा, मधल्या फळीतला व्हान निफ नेदरलँड्सचा, पेरेरा दियाझ अर्जेंटिनाचा. गावोगावचे लोक येऊन मुंबईचे होतात हे आपल्या शहराला नवीन नाही. आणि या सगळ्यांचा कप्तान आहे राहुल भेके, मुंबईत जन्मलेला, आपल्यातला मुलगा.

भेकेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बाजारात, लोकलमध्ये तो आपल्यापैकी किती जणांना ओळखू येईल, याची मला शंका आहे. २०१९ च्या अंतिम सामन्यात, तेव्हा तो बंगळुरूकडून खेळत होता, ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून चषक जिंकून देणारा हाच. ती अंतिम मॅच आपल्या अंधेरीच्या मैदानावरच झाली होती. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई सिटी २-१ जिंकली. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. निर्णायक गोल पुन्हा भेकेच्या डोक्याचा. बचावपटू असून तो मोठ्या सामन्यात असा पुढे येतो. शनिवारी कॉर्नर मिळाला की नजर त्याच्यावर ठेवा. संघात जयेश राणेही आहे, तोही मुंबईचाच. घराघरात क्रिकेटपटूंची नावं पाठ असलेल्या पोरांना ही दोन नावंही ठाऊक व्हायला हवीत.

मॅचचा रंग कसा असेल? माझ्या मते पहिला अर्धा तास सगळं ठरवेल. बागानचे प्रशिक्षक आंतोनियो हबास हे मुरलेले गृहस्थ. कोलकात्याला त्यांनी हा चषक २०१४ आणि २०२० असा दोनदा जिंकून दिलाय. मागे गर्दी करायची, चेंडू हिसकावला की दोन-तीन पासांत पुढे पोहोचायचं, ही त्यांची रीत. आपले बाजूचे बचावपटू वर चढले की त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा राहते, आणि त्यांचा पेत्रातोस नेमका तिथेच चेंडू टाकतो. एप्रिलमध्ये आपण याच जागी फसलो. कमिंग्सने तर यंदाच्या साखळीत आपल्याविरुद्ध दोन्ही सामन्यांत गोल केलेत, त्याला तिरीने क्षणभरही मोकळं सोडता कामा नये. हा तिरी २०२१ च्या अंतिम सामन्यात समोरच्या बाजूला होता आणि त्याच्याच स्वयंगोलने आपली बरोबरी झाली होती. आज तो आपल्या बचावफळीचा आधार आहे. उलट त्यांचा कप्तान शुभाशिष बोस एके काळी आपला होता. आपलं बळ मधल्या फळीत. अपुइया आणि व्हान निफ यांनी चेंडू राखला, खेळाचा वेग आपल्या हाती ठेवला, की ते साठ हजारांचं मैदानही गप्प होतं. आणि छांगते! मागच्या तीन सामन्यांत चार गोल. तो उजवीकडून आत घुसतो तेव्हा त्याला थांबवायचं कसं, याचं उत्तर या हंगामात फार कमी जणांना सापडलंय. मला वाटतं, मुंबई जिंकेल. पण सहज नाही.

आता कोलकात्यातल्या मराठी मंडळींना एक खास विनंती. विटा, खानापूर, आटपाडीकडून सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी तिथे स्थायिक झालेली कुटुंबं आहेत, बँकांत, रेल्वेत, लष्करात बदलीवर असलेले आहेत, शिकायला गेलेली मुलं आहेत. तुमच्यापैकी जमेल त्यांनी तिकीट काढून मैदानावर जावं. सियालदहहून मेट्रो थेट सॉल्ट लेक स्टेडियम स्थानकाला जाते, वाट सोपी आहे. साठ हजारांत आपले पाहुण्यांच्या कोपऱ्यातले थोडेच असणार. पण इतक्या लांब, गोल झाल्यावर धावत जायला आपला एक कोपरा आहे, हे खेळाडूला दिसलं पाहिजे. मुंबईहून ज्यांना निघायचंय त्यांच्यासाठी आज रात्रीची हावडा मेल आहे, उद्या सकाळी सहाची गीतांजली आहे, ती शनिवारी दुपारी हावड्याला पोहोचते. मे महिन्यात आरक्षण मिळणं कठीण, हे मला माहीत आहे. ज्यांच्याकडे तिकीट आहे त्यांनी जाणं पक्कं मानून निघावं.

आणि तिथे गेलात तर मान राखून वागा. मोहन बागान हा लहान क्लब नाही. १९११ मध्ये अनवाणी पायांनी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवत आयएफए शील्ड जिंकणारा हा संघ, आणि तो विजय तेव्हा सगळ्या देशाला आपला वाटला होता. रोव्हर्स चषकासाठी ते वर्षानुवर्षं आपल्या कुपरेज मैदानावर येत, अनेकदा चषक घेऊन परत जात, आणि मुंबई त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत असे. डिसेंबरात अंधेरीत झालेल्या सामन्यात दोन्हीकडच्या मिळून सात खेळाडूंना लाल कार्ड दिसलं. तो कडवटपणा पुढे न्यायचं काहीच कारण नाही. शिवीगाळ नको, बंगाली माणसाच्या नावाने काही लिहिणं-बोलणं नको. उद्या शुक्रवारी वानखेडेवर कोलकात्याचा क्रिकेट संघ मुंबई इंडियन्सशी खेळायला आलेला असेल. त्यांच्या पाठीराख्यांना इथे जी वागणूक मिळावी असं वाटतं, तशीच आपल्या माणसांना तिथे मिळावी.

मुंबईत राहणाऱ्यांशी मात्र जरा स्पष्ट बोलतो. हे शहर फुटबॉलचं नाही, असं म्हणणाऱ्यांना या शहराचा इतिहास ठाऊक नसतो. रोव्हर्स चषक इथे १८९१ मध्ये सुरू झाला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवर खेळत. वांद्र्यात त्यांच्या नावाचं मैदान आहे. गिरण्यांचे संघ होते, टाटांचा होता, एअर इंडियाचा होता. आता त्यांची नावं घेणारी माणसंही कमी होत चाललीत. रोव्हर्स चषक बंद पडून वीसहून अधिक वर्षं झाली. देशाची लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी गेला. पुण्याचा एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये गेला. या प्रत्येकाची कारणं वेगळी असतील, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. क्लब बंद झाल्यावर शहराने रस्त्यावर येऊन जाब विचारला नाही, कारण शहराला तो क्लब आपला वाटलाच नव्हता. आज सुपर लीगमध्ये महाराष्ट्राचा एकच संघ उरलाय. गेल्या नोव्हेंबरात अल हिलाल हा नेमारचा क्लब आपल्याशी खेळायला आला तेव्हा नेमार येईल या आशेने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर केवढी गर्दी झाली! दुखापतीमुळे नेमार आलाच नाही. पण त्या दिवशी आकाशी निळ्या जर्सीत खेळणारे अकरा जण आपलेच होते, आणि ते दर पंधरवड्याने अंधेरीत खेळतात. तिथलं मैदान छोटं आहे, तरीही तिथल्या खुर्च्या रिकाम्या राहतात. हे मला टोचतं, आणि तुम्हालाही टोचावं असं वाटतं.

म्हणून शनिवारचं ठरवून टाका. चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या आवारात, तालमीत, गणेश मंडळाच्या शेडमध्ये, जिथे जागा असेल तिथे टीव्ही बाहेर काढा. प्रोजेक्टर असेल तर पांढरी चादर बांधा. मॅच स्पोर्ट्स १८ वर आहे, जिओ सिनेमावर फुकट आहे. चादरीवर दाखवायची तर आधी अर्धा तास सगळं लावून पाहा, ऐन गोलच्या वेळी चित्र अडकायला नको. मे महिन्याची सुट्टी आहे, मुलांना झोपेची घाई करू नका. भेके कोण, छांगते कोण, हे त्यांना सुरुवातीलाच दाखवा. ज्येष्ठांना खुर्च्या पुढे द्या. कुपरेजवर रोव्हर्स पाहिलेला एखादा आजोबा तुमच्या इमारतीत असेलच, त्यांना आवर्जून बोलवा आणि मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत त्यांना बोलतं करा. आवाज होणारच, पण दहानंतर परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांचा आणि आजाऱ्यांचा विचार ठेवा. फटाके नकोत. जिंकलो तर रस्ते अडवू नका, अँब्युलन्सला वाट मोकळी ठेवा. हरलो तर कुठल्याही खेळाडूच्या नावाने, त्याच्या राज्याच्या, चेहऱ्याच्या नावाने वाईट बोललेलं खपवून घेऊ नका. ईशान्येच्या मुलांच्या जोरावर आपण इथवर आलोय.

आणि त्या रात्री जमलेल्यांची नावं लिहून घ्या, फोन नंबर घ्या. पुढचा हंगाम सुरू झाला की अंधेरीतल्या पहिल्या मॅचला त्याच माणसांनी एकत्र जायचं आहे. लोकल पकडून जायचं, मुलांना बरोबर न्यायचं, तिकीट स्वतःच्या पैशाने काढायचं. क्लबने, महापालिकेने, सरकारने काय करावं यावर बोलायला पुष्कळ आहे. पण ते बोलण्याचा अधिकार त्या खुर्चीवर बसल्यावर येतो.

सात वाजता जमायचं. साडेसातला मॅच.

आमची मुंबई!

आपला,
मुंबई सिटीचा एक चाहता