स्प्रिंग अडत नाही, केबल ताणलेली असते

अधूनमधून एक गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात पिशवी घेऊन उभं राहतं. गाडी घरी स्टँडवर, मागचा ड्रम उघडा, पिशवीत लायनर आणि सुट्या स्प्रिंगा. ‘बाकी सगळं जमलं हो, तेवढी हँडब्रेकच्या केबलची स्प्रिंग बसेना.’ आपल्यातले काही जण त्याला हसतात, काही मजुरी वाढवून सांगतात. मला दोन्ही पटत नाही. हीच स्प्रिंग आपल्या हेल्परलाही घाम फोडते. तो फक्त बोलत नाही.

रचना आपल्याला पाठ आहे. केबल बॅकप्लेटमधून आत येते, तिच्या टोकाची गोळी मागच्या शूवरल्या लिव्हरच्या आकड्यात बसते, आणि बॅकप्लेट व लिव्हर यांच्यामधल्या केबलवर ही स्प्रिंग असते. हँडब्रेक सोडला की लिव्हर मागे ढकलणं हे तिचं काम. म्हणजे गोळी अडकवायची तर स्प्रिंग बॅकप्लेटकडे दाबून केबल उघडी करायची आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या हाताने आकडा गाठायचा. इथे हात कमी पडतात आणि माणूस जोर लावू लागतो.

जोर लावण्याआधी गाडीत जाऊन हँडब्रेकच्या दांड्याखालचा अ‍ॅडजस्टिंग नट पाहिला का? बहुतेकदा नाही. जुने लायनर झिजत गेले तशी कुणीतरी केबल आवळत नेलेली असते. तो नट सैल केला की ड्रमात केबल चांगली पुढे येते आणि निम्मं भांडण तिथेच मिटतं. दुसरी गोष्ट क्रमाची. शू पिन-वाटीने बॅकप्लेटवर बसवून मग केबल अडकवायला जाणारे बरेच आहेत. शू हातात मोकळा असेल तर लिव्हर हवी तशी फिरवून गोळीपाशी नेता येते. आधी केबल, मग शू.

पकडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो. घाईत साइड कटरने केबल धरायची सवय सर्रास दिसते. स्प्रिंग पटकन बसते खरी, पण केबलच्या एखाद्या तारेला खाच पडते. ती तार पुढे तुटते, उसवते, तिथे गंज धरतो. त्यापेक्षा दाते झिजलेली जुनी नोज पक्कड या कामासाठी राखून ठेवा. जबडा जरासा उघडून केबलच्या दोन्ही बाजूंनी घाला, स्प्रिंग मागे रेटा आणि मग केबल हलकेच चिमटीत धरा. स्प्रिंग जबड्याला टेकून थांबते, गोळी मोकळी राहते. चष्मा डोळ्यांवर हवा, कपाळावर नव्हे. आणि ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

‘बसत नाही तर राहू दे, रिटर्न स्प्रिंग आहेच की’ हे वाक्य मात्र गॅरेजमध्ये ऐकू येता कामा नये. लिव्हर पूर्ण मागे गेली नाही तर शू ड्रमला घासत राहतो, ड्रम तापतो, आणि गिऱ्हाईक अ‍ॅव्हरेज कमी झाल्याची तक्रार घेऊन येतं. ताणून ढिली पडलेली स्प्रिंगही तेच करते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 96 पार्किंग ब्रेकला पायाच्या ब्रेकहून स्वतंत्र यंत्रणा मानतो. आपणही त्याला लायनरच्या कामाचं शेपूट समजू नये; बिलात वेगळी ओळ घालावी, मजुरीही रीतसर घ्यावी.

जोडणी झाल्यावर आधी शूचं अंतर ठीक करा, पेडल काही वेळा दाबा, ड्रम हाताने मोकळा फिरतोय ना ते पाहा. केबलचा नट त्यानंतर, आणि खटके कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे. शूची ढिलाई केबल आवळून झाकली की पुढच्या लायनरच्या वेळी स्प्रिंग पुन्हा अडणार.

आता गणपती येताहेत. पावसात भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून लावायची आणि लोकांनी रेल्वेने कोकणात जायचं. परतल्यावर मागचं चाक जाम. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून जा, असं गिऱ्हाइकाला आत्ताच सांगून ठेवा. तरीही अशी जाम गाडी आलीच, तर ड्रमवर हातोडा घालण्याआधी केबलचा नट सैल करा.